ओढ्याची नोंदवही

ओढा स्वच्छ करायचा म्हटले की हातमोजे, पोती आणि सकाळी लवकर जमलेली माणसे असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण चिखलात उतरून दुसऱ्याने टाकलेला कचरा उचलायला जी वृत्ती लागते ती सहजासहजी येत नाही. तरीही ओढ्याच्या काठाने हिंडता हिंडता माझे मत असे झाले आहे की, पोती भरली म्हणजे काम संपले असे समजणारा गट काठ राखतो. पाणी राखायचे राहूनच जाते. प्लास्टिकची पिशवी डोळ्यांना खुपते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. पाण्याचा जीव मात्र बहुधा अशा गोष्टींमुळे जातो, ज्या पाण्यात विरघळलेल्या असतात, रात्री-अपरात्री येतात आणि सकाळपर्यंत पुढे वाहून गेलेल्या असतात. तळ दिसेल इतके नितळ पाणीही निर्जीव असू शकते. अशा पाण्याला कोणीतरी सतत पाहणारे, मोजणारे आणि लिहून ठेवणारे लागते, आणि हे काम काठावर राहणाऱ्यांइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही, असे मला वाटते.

ओढ्यात जगणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, आणि तो मुळातच फार थोडा असतो. २० अंश सेल्सियस तापमानाचे एक लिटर पाणी हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेऊ शकते. तापमान ३० अंशांवर गेले की हाच आकडा साडेसातच्या आसपास उतरतो. ५ मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच माशांची ओढाताण सुरू होते आणि २ च्या खाली फार थोडे तग धरतात. मैलापाणी किंवा कुजणारा कोणताही माल पाण्यात मिसळला की तो खाणारे जीवाणू झपाट्याने वाढतात आणि वाढताना हा तुटपुंजा साठा संपवून टाकतात. मासे मेले की लोक लगेच विषाचा संशय घेतात. तो कधी कधी खराही ठरतो, पण पुष्कळदा ते मासे गुदमरून मेलेले असतात.

यातली गोम अशी की, सांडपाणी जिथे मिसळते तिथेच ऑक्सिजन सर्वांत कमी असतो असे नाही. जीवाणूंना काम करायला वेळ लागतो आणि तोवर पाणी पुढे गेलेले असते. अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये याचे गणित मांडले: नळाच्या तोंडापासून पुढे ऑक्सिजन हळूहळू घसरत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग हवेतून पुन्हा भरत भरत वर येतो. काठावरच्या कितीतरी भांडणांचे मूळ मला या एका वक्ररेषेत दिसते. वरच्या अंगाचे लोक म्हणतात, आमच्याकडे पाणी ठीक आहे, मासेही दिसतात. खालच्या अंगाचे म्हणतात, तुमच्यामुळे आमच्या डोहात मासे उलटे तरंगतात. दोघेही डोळ्यांनी पाहिलेले सांगत असतात आणि दोघांचेही खरे असते. एकाच ठिकाणचा नमुना घेऊन हा वाद मिटत नाही. काही अंतरावर ठरवून निवडलेल्या जागांवर, एकाच दिवशी, वरच्या आणि खालच्या लोकांनी मिळून मोजावे लागते. असे एकत्र मोजल्यावर आरोपांचा सूर बराच उतरतो, हा माझा अनुभव आहे, कारण आकडा दोघांच्या हाताने लिहिलेला असतो.

स्थळाइतकीच वेळही महत्त्वाची असते आणि तिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. ओढ्यात शेवाळ माजलेले असेल तर दिवसा उन्हात ते ऑक्सिजन तयार करते. दुपारी तीनला मोजले तर आकडा इतका उत्तम येतो की पाहणाऱ्याने निर्धास्त व्हावे. रात्री तेच शेवाळ आणि त्याच्यासोबतचे सगळे जीव ऑक्सिजन नुसते वापरत राहतात, आणि उजाडण्याच्या थोडे आधी पाण्याची अवस्था सर्वांत वाईट असते. मासे मरतात ते बहुधा या वेळी. कामकाजाच्या वेळेत येणाऱ्या तपासनिसाला ही पहाट कधीच भेटत नाही. यात त्याचा दोष नाही. एका माणसाकडे अनेक ओढे असतात आणि प्रयोगशाळाही ठरावीक वेळेतच नमुने घेते. पण म्हणूनच, नागरिकांनी केलेली मोजणी म्हणजे सरकारी तपासणीची स्वस्त नक्कल, ही समजूत मला मान्य नाही. प्रयोगशाळेचे उपकरण अधिक अचूक असेल, पण पहाटे साडेचारला काठावर कोण उभे होते, हा प्रश्न अचूकतेपेक्षा आधी येतो.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रासायनिक पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिली, आणि हातात धरायचे मीटर सर्रास मिळत असतानाही नव्या माणसाला शिकवताना मी तीच पद्धत आधी दाखवावी अशा मताचा आहे. बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायचे. मग त्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घालायचा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि ढगासारखा खाली बसत जातो. ऑक्सिजन नसेल तर तो पांढराच राहतो. आम्ल घातले की साका विरघळून द्रव पिवळसर होतो, स्टार्चचे थेंब टाकले की गर्द निळा होतो, आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत मोजत सोडले की एका थेंबासरशी सगळा निळा रंग नाहीसा होतो. किती थेंब लागले त्यावरून ऑक्सिजन किती ते कळते. मीटरवरचा आकडा माणूस वाचतो आणि विसरतो. पांढरा राहिलेला साका पाहिलेले माणूस मात्र घरी जाऊन चार जणांना सांगते. शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत कोणाच्याही चेहऱ्यावर तो क्षण सारखाच उमटतो. मात्र ही रसायने हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेत आणि वापरलेला द्रव ओढ्यात ओतायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठामपणे सांगावे लागते.

तरीही ऑक्सिजनचा आकडा त्या घटकेपुरताच असतो. काल रात्री काय येऊन गेले ते तो सांगत नाही. ते सांगतात तळाशी राहणारे जीव. खळाळत्या उथळ पाण्यातला मुठीएवढा दगड हलकेच उचलून खालची बाजू वर केली की क्षणभर काहीच दिसत नाही. मग ओल्या दगडावर काहीतरी सरकते. मेफ्लाय या पाणकिड्याचे पिल्लू चपटे असते, शेपटीला बहुधा तीन केसांसारखे तंतू असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांच्या बारीक पाकळ्या थरथरत असतात. त्यांनीच ते श्वास घेते. शेजारीच वाळूचे कण रेशमाने एकमेकांना चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी नळी दिसते; तिच्या तोंडातून कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळी डोके बाहेर काढते आणि चाहूल लागताच आत घेते. हे जीव महिनोन् महिने, काही तर वर्षभराहून अधिक काळ, त्याच तळाशी राहतात. मासा वाईट पाण्यातून पळून जाऊ शकतो, यांना ते जमत नाही. पाणी बिघडले की संवेदनशील जाती आधी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी मऊ गाळात लालभडक अळ्या वळवळू लागतात. त्यांचा तो रंग हिमोग्लोबिनचा असतो, आणि त्याच्याच बळावर त्या जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही निभावून नेतात. कोणता जीव कुठे सापडतो यावरून पाण्याची प्रत ठरवण्याची ही रीत जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच घालून दिली होती. तिला महागडे यंत्र लागत नाही. एक जाळी, एक पांढरा ट्रे, भिंग आणि ओळख पटवून देणारा एक अनुभवी माणूस पुरतो. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात १९६९ मध्ये आयझॅक वॉल्टन लीग या निसर्गसंरक्षण संस्थेने सुरू केलेला ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ हा उपक्रम सामान्य माणसांच्या हाती अशीच साधी साधने देऊन उभा राहिला, आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘मिनीसास’ ही पद्धत तर शाळेतल्या मुलांनाही वापरता येईल इतकी सोपी करून मांडली आहे.

अशा मोजणीतून प्रत्यक्षात काय साधते, हे विचारणाऱ्यांना मी केनेट नदीची हकिकत सांगतो. दक्षिण इंग्लंडमधल्या या नदीवर स्वयंसेवक नेमाने तळाचे जीव मोजतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे: पायाने तळ ढवळत तीन मिनिटे जाळी धरायची, एक मिनिट दगड तपासायचे, ठरलेल्या आठ गटांतले जीव मोजायचे आणि गुण द्यायचे. गुण त्या जागेसाठी आधीच ठरवलेल्या पातळीच्या खाली गेले की पर्यावरण खात्याला कळवायचे. २०१३ च्या जुलैच्या सुरुवातीला मार्लबरो गावाच्या खालच्या अंगाला त्यांच्या ट्रेमध्ये जवळजवळ काहीच आले नाही. पाणी नेहमीसारखेच दिसत होते. शोध घेतल्यावर क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाणी प्रक्रिया केंद्रामार्गे नदीत उतरल्याचे निष्पन्न झाले, आणि सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले कीटक व कोळंबीसारखे बारीक जीव नाहीसे झाले होते. एवढी हानी व्हायला ते रसायन फार थोडे पुरले. या हकिकतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा की, आधीच्या कित्येक महिन्यांच्या कंटाळवाण्या, काही विशेष नसलेल्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच त्या दिवशीचा रिकामा ट्रे बोलू शकला. आधीचे काहीच लिहिलेले नसते, तर ‘इथे किडे कमीच असतात’ असे म्हणून कोणीही पुढे गेले असते.

म्हणूनच नव्याने काम सुरू करणाऱ्या गटांना माझे सांगणे असते की, पहिल्या वर्षी काही सापडले नाही तर खट्टू होऊ नका. त्याच जागा, तीच वेळ, तीच पद्धत धरून ठेवा. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव जागेवरच लिहा, घरी जाऊन नको. त्याआधी पाऊस कधी पडला ते लिहा. जीवाणूंच्या तपासणीचा नमुना बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, नाहीतर तो घेऊ नका. आकडा पटला नाही तरी खोडू नका. शेजारी शेरा लिहा. हे सगळे रूक्ष वाटते आणि उत्साहाने आलेली माणसे यातच गळतात, हे मी पाहिलेले आहे. पण तक्रार घेऊन एखाद्या कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो याच तपशिलांवर. एका कार्यालयात आमचा अर्ज कित्येक महिने नुसता पडून होता. जेव्हा त्याला तारीखवार तक्ता आणि वरच्या व खालच्या जागांचे आकडे जोडले, तेव्हा त्याच टेबलावरून पाहणीचा आदेश निघाला. अधिकारी तोच होता. कागदाने त्याला पुढचे पाऊल टाकायला आधार दिला.

कायद्याची बाजूही यातूनच उभी राहते. न्यूयॉर्क राज्यात १९६६ मध्ये हडसन नदीकाठचे मच्छीमार एकत्र आले ते एका रेल्वे कंपनीच्या नळातून नदीत सुटणाऱ्या तेलाला वैतागून. माशांना तेलाचा वास येऊ लागला होता आणि ते विकले जात नव्हते. त्यांना १८९९ चा एक जुना, धूळ खात पडलेला कायदा सापडला, ज्यात जलमार्ग घाण करणाऱ्याला दंड होता आणि माहिती देणाऱ्याला त्या दंडाचा निम्मा वाटा मिळायचा. त्यांनी पुरावे गोळा केले, खटले उभे केले आणि दंडाचा वाटा मिळवून दाखवला. पोट ज्यांचे त्या पाण्यावर होते त्यांनी हे केले, याचे मला अधिक अप्रूप आहे. बाहेरून येणारा कार्यकर्ता दुसऱ्या नदीकडे वळू शकतो, पण ज्याची जाळी त्याच पाण्यात पडतात त्याला वळायला जागा नसते.

मात्र लहान ओढ्यांवर इतका स्पष्ट शत्रू क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा असे निघते की, एखाद्या इमारतीतले कपडे धुण्याचे यंत्र चुकून पावसाळी गटाराला जोडले गेले आहे, कुठे सेप्टिक टँक वर्षानुवर्षे उपसलेला नाही, कुठे मैलावाहिनीच्या चेंबरला तडा गेला आहे, कुठे शेतातले जादा खत पहिल्या सरीबरोबर वाहून येते आहे. ज्यांच्याकडून हे होते त्यांना बहुधा त्याची कल्पनाच नसते. नळात फ्लुरेसिन हे हिरवे रंगद्रव्य सोडून ओढ्याच्या तोंडाशी वाट पाहणे ही शोधाची जुनी आणि खात्रीची रीत आहे, पण ती त्या घरच्या माणसांना विश्वासात घेऊनच करावी. हिरवे पाणी ओढ्यात उतरताना घरमालकाने स्वतः पाहिले की पुढची जोडणी तो बहुतेक वेळा आपणहून दुरुस्त करून घेतो. तेच आपण चारचौघांत त्याचे नाव घेऊन सांगितले, तर तो वर्षभर नाकारत राहतो आणि तोवर पाणी वाहतच असते. शेजाऱ्याची अब्रू राखणे हाही पाणी राखण्याचाच भाग आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. जाणूनबुजून, रात्रीच्या अंधारात टँकर रिकामा करणाऱ्याला मात्र हा न्याय लागू नाही. तिथे सरळ तक्रारच करावी.

सुशोभीकरणाच्या नावाखाली ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती घालून तळाला काँक्रीट ओतण्याची जी हौस आहे, तिने माझा जीव खरोखर तुटतो. काठावरची झाडे पाण्यावर सावली धरतात, पाणी थंड ठेवतात, आणि थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक राहतो. मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा तळाच्या जीवांचे अन्न होतो, आणि काठाच्या मातीतून झिरपत येणारे पाणी ओढ्यात पोहोचेपर्यंत बरेच निवळलेले असते. हे सगळे उखडून टाकायचे आणि मग पाण्याला वास का येतो असे विचारायचे, याला काय म्हणावे? अशा कामाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी हरकती मागवल्या जातात त्या वेळी ओढ्याची नोंदवही घेऊन चार माणसे हजर राहिली पाहिजेत. भिंत उभी राहिल्यावर पुढे काही हाती राहत नाही.

पाण्याचे आरोग्य शेवटी पाण्याबाहेरच्या जमिनीवर ठरते, हे सिएटल शहरातल्या ओढ्यांनी जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कुठे झाले असेल. तिथे लोकांनी आणि महापालिकेने खपून शहरातले ओढे सुधारले, आणि कोहो सॅमन समुद्रातून अंडी घालायला पुन्हा वर येऊ लागले. पण पाऊस पडून गेला की हे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत, गोल गोल फिरत आणि काही तासांत मरत. काठाने चालत मेलेल्या माद्या उघडून पाहणाऱ्यांना पोटातली अंडी जशीच्या तशी सापडत. काही ओढ्यांत आलेल्या माशांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक असे मरत होते. ऑक्सिजन, तापमान, नेहमीचे धातू, नेहमीची कीटकनाशके, कशातच उत्तर मिळेना. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते प्रसिद्ध झाले: मोटारींच्या टायरचे रबर टिकावे म्हणून त्यात घातलेले ‘६पीपीडी’ नावाचे रसायन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून ‘६पीपीडी-क्विनोन’ बनते, टायरच्या झिजलेल्या कणांतून रस्त्यावर साचते आणि पावसाबरोबर ओढ्यात येते. कोण्या कारखान्याचा नळ नव्हता; रस्त्यावरून जाणारे सगळेच त्यात होते. काठाने चालून मृत माशांची नोंद ठेवण्याचे काम तिथल्या लाँगफेलो ओढ्यावर स्वयंसेवक अजूनही करतात.

त्याच संशोधनाच्या ओघात दुसरी गोष्ट आधीच सिद्ध झालेली होती, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. रस्त्यावरून वाहून आलेले तेच घातक पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीच्या मिश्रणातून झिरपवून सोडले, तर त्यात कोहो जगत होते. म्हणजे रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये पाणी थांबेल आणि मुरेल अशी मातीची पट्टी असली, तर नाव माहीत नसलेल्या रसायनांपासूनही काही प्रमाणात बचाव होतो. आमच्या गटाचे सध्याचे काम याच दिशेने चालले आहे. ज्या जागी पहिल्या पावसानंतर तळाचे जीव दरवर्षी घटलेले दिसतात, तिच्या वरच्या बाजूला रस्त्याचे सगळे पाणी एका नळीतून थेट ओढ्यात पडते. ती नळी ओढ्याच्या अलीकडेच थांबवून पाणी खोलगट, झाडे लावलेल्या पट्टीत सोडावे असा प्रस्ताव आम्ही नोंदींसह दिला आहे. जागा कोणाची, वरचा गाळ कोण काढणार आणि पट्टी तुंबली तर जबाबदार कोण, या तीन प्रश्नांवर बोलणी अडली आहेत. गाळ काढण्याचे आम्ही लेखी पत्करले आहे. पट्टी होवो न होवो, वरच्या आणि खालच्या दोन्ही जागांची मोजणी चालूच आहे, कारण ती झाली तर तिचा उपयोग किती झाला हे विचारले जाईल, आणि त्याचे उत्तर द्यायला आधीचे आकडे लागतील.